वैमानिकांची दोन ताटं

कोंबडीचा एक डबा उरला. स्टीलच्या लांब टेबलावर, पुसून लख्ख केलेल्या जागेच्या अगदी मधोमध, झाकणावर लाल स्टिकर, अजून कोमट. मान-मेईनं आधी त्याच्याकडे न पाहिल्यासारखं केलं, जसं न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे करतात. फडकं फिरवत ती त्याच्या अलीकडून गेली, पलीकडून आली, आणि मग हात आपोआप थांबला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मनिलाचं विमान दीडला उडालं. त्या विमानाच्या कॅप्टनला लाल स्टिकरची कोंबडी आणि को-पायलटला निळ्या स्टिकरचा मासा, असं सकाळी आपल्या हातानं ताटांत मांडल्याचं तिच्या मनात पक्कं होतं. आता कोंबडी इथं बसली होती. म्हणजे वर, ढगांत, दोघांच्याही पुढ्यात मासाच होता.

सव्वीस वर्षांत हे झालं नव्हतं. विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या या स्वयंपाकघरात दिवसाला हजारो डबे भरले जात, आणि ते कुणीही भरावेत, पण वैमानिकांची दोन ताटं मान-मेईनंच लावायची असा रिवाज पडून गेला होता. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, दोघांनी एका भांड्यातलं खायचं नाही. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा शाबूत राहिला पाहिजे, विमान खाली आणायला. बाकीच्या बायकांनी ऐकलं आणि मान हलवली. मान-मेईनं ते पदराला गाठ मारावी तसं बांधून घेतलं. तिसरीतून नाव काढून चहाच्या मळ्यात पानं खुडायला धाडलेल्या मुलीच्या हाती एवढं मोठं काही कुणी दिलं नव्हतं. कंपनीनं तीनदा नाव बदललं, सुपरवायझर आले नि गेले, हातातलं जेडचं, हिरव्या दगडाचं, कडं निघेना म्हणून रोज सकाळी त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळावी लागली, पण लाल तिथं लाल, निळा तिथं निळा. नव्या पोरींना ती म्हणायची, "तुमच्या नवऱ्याचं आणि दिराचं ताट अदलाबदल झालं तर घरात भांडण होईल. इथं झालं तर समुद्रात जाळी टाकावी लागतील." पोरी हसायच्या. ती हसायची नाही.

चूक झाली ती सकाळच्या त्या टेबलामुळे. हे टेबल नव्हे, घरचं. त्यावर तिच्या मुलीनं, आ-यिननं, दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक निळी फाइल आणि एक पिवळं पाकीट. निळ्या फायलीत ऑस्ट्रेलियातल्या विमान शिकवणाऱ्या शाळेचं पत्र. जागा राखून ठेवली आहे, आज संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या माणसाला. पिवळ्या पाकिटात इथल्याच विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गाचे कागद. चार वर्षं, पदवी, आणि त्यांचीही नोंदणी आज पाचलाच बंद. आ-यिन सोळा वर्षं कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात होती. पांढरा पोशाख, डोळे तेवढे उघडे, पिवळा उजेड, खिडकी नाही, बारा तास उभं राहायचं, दोन दिवस काम, दोन दिवस सुट्टी. त्यातून जे साठलं ते एकालाच पुरणारं होतं. आधी विमान शिकली तर हातात परवाना येईल, पण इथल्या विमान कंपन्या पदवी नसलेल्या माणसाला दारात उभं करत नाहीत. परक्या देशात कुणी घेतलं तर घेतलं. आधी पदवी घेतली तर ती बाहेर पडेल तेव्हा अडतीस वर्षांची असेल, साठवलेलं संपलेलं असेल, आणि यंदा डॉक्टरनं पास केलेले डोळे तेव्हा पास होतीलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. दोन्ही कागदांना स्वतःचं असं तोंड होतं, आणि दोन्ही तोंडं मान-मेईकडे बघत होती.

"तूच सांग," आ-यिन म्हणाली होती. रात्रपाळी करून आलेली, केस जाळीत दबून चपटे झालेले. "आजवर तूच सांगत आलीस. हे शेवटचं सांग."

"चौतीस वर्षांची घोडी झालीस. अजून आईनंच घास भरवायचा?"

"तू तर पस्तीस म्हणतेस. पोटातलं वर्ष धरून."

"धरणारच. ते वर्ष कुणी काढलं? तू?"

"आई, मी थट्टा करत नाहीये. मला सहा महिने झोप नाही. इकडे वळले की वाटतं तिकडे मेले, तिकडे वळले की इकडे. तू एकदा बोललीस की माझं डोकं गप्प बसतं. लहानपणापासून असंच आहे."

"आकाशात काय ठेवलंय गं? मी सव्वीस वर्षं विमानाचं पोट भरतेय. एकदा तरी त्यानं वळून विचारलं का, बाई, तू जेवलीस?"

"तू कधी विमानात बसलीयस?"

"मासे तळणारीनं समुद्रात उडी मारलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" असं म्हणून मान-मेईनं चपला घातल्या होत्या. आणि दारातून, पाठमोरी, आणखी एक टाकलं होतं, "आणि हा सातवा महिना आहे. भुतं मोकाट सुटलेली असतात. या महिन्यात शहाणी माणसं साधी चूलसुद्धा नवी मांडत नाहीत." पाठीमागून उत्तर आलं नाही. उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीच्या बसमध्ये ती बसली ती त्या गप्पपणासकट, आणि ताटं लावताना हात मासा, मासा असा गेला तो त्या गप्पपणातच गेला असणार.

हक्का जमातीचा माणूस म्हणजे ताठ मान. मान-मेईची सासू म्हणायची, आपल्या बायका मोडतात, वाकत नाहीत. मान-मेई वाकली नव्हती. नवरा यकृतानं पिवळा पडून गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. ती म्हणाली, रडायला सवड काढते, आधी भात उतरवू दे. घराला काय लागतं, कुणी काय शिकायचं, कुणाशी बोलायचं, मोहरीच्या पाल्याचं लोणचं कोणत्या बरणीत मुरायचं, सगळं तिच्या तोंडून निघायचं आणि निघालं की तेच. आ-यिनला ते बरं वाटायचं असं ती धरून चालली होती. आज पोरगी म्हणते, तू बोललीस की डोकं गप्प बसतं. गप्प बसतं म्हणजे काय? मुलाला अफूचं बोट चाटवलं की तेही गप्प बसतं. उरलेल्या डब्यावर तिनं तळवा ठेवला. कोमट होता. एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळासारखा. छातीत काहीतरी खाली खाली जात होतं, विहिरीत पोहरा सुटावा तसं, आणि पाणी लागल्याचा आवाज येत नव्हता. त्या दोघांनी आता झाकण उघडलं असेल. दोघांनी एकच घास घेतला असेल. मागे दीडशे माणसं बसली असतील, कुणी पेंगत, कुणी पोराला चमच्यानं भरवत, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नसेल की खाली एका बाईच्या हातून काय निसटलंय.

सांगावं की न सांगावं? डबा कचऱ्यात टाकला की संपलं, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आणि इथंच तिला ते आठवलं, जे ती आठवत नसे. आठवत नसे म्हणजे रोज त्याच्या अंगावरून पाय टाकून पलीकडे जात असे. त्या वर्षीही सातवा महिनाच होता. नवरा वसंतात गेलेला, त्याचा शंभरावा दिवस चार दिवसांवर आलेला. आ-यिन अठराची, शाळा संपवून सुट्टीपुरती म्हणून चिपच्या कारखान्यात लागलेली. तिनं दक्षिणेतल्या एका विद्यापीठाची परीक्षा दिली होती. भर दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर आ-यिनचं नाव. आत एकच कागद, खाली लाल शिक्का. मान-मेईला त्यातलं फारसं वाचता येत नव्हतं, पण ‘मोठं’ आणि ‘शिकणं’ ही दोन चिनी अक्षरं ती ओळखायची, ती जोडून आली की विद्यापीठ होतं हे तिला ठाऊक होतं, आणि ती वर ठळक छापलेली होती. ती जमिनीवर बसून त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. नवऱ्याचा पगार गेला होता, आणि तिच्या एकटीच्या पगारात घर भागत नव्हतं, पोरीचा लागत होता. ही गेली की भांडं तरी कुणावर आपटायचं? शंभराव्या दिवशी गच्चीवरच्या लोखंडी डब्यात नवऱ्यासाठी सोनेरी कागद जाळताना तिनं त्या गठ्ठ्यात ते पत्रही घातलं. चोरून घातलं असं तिला तेव्हा वाटलं नाही. जाळलेलं मेलेल्या माणसाला पोचतं. बापाला कळू दे, पोरगी विद्यापीठात लागली, तो तिकडे मिरवू दे. अर्धवट जळलेलं पोचत नाही म्हणून तिनं चिमट्यानं ढवळून ढवळून कोपरान् कोपरा जाळला. पोरगी महिनाभर विचारत होती, आई, काही आलं? नाही आलं. सहा तासांवर दक्षिणेत फळ्यावर लागलेली यादी बघायला कोण जाणार? आईनं नाही आलं म्हटलं म्हणजे नाही आलं. सप्टेंबरात आ-यिननं कारखान्याच्या कायमच्या कागदावर सही केली. तेव्हापासून मान-मेईच्या मनाची समजूत अशी, की पोरगी लागली होती आणि आपण तिला खाली ओढली. सुंभ जळाला, पीळ राहिला. सोळा वर्षं तो पीळ तिच्या घशात होता, आणि ती त्याच्या वरून बोलत होती.

डबा हातात घेऊन ती सुपरवायझरच्या काचेच्या खोलीत गेली. सुपरवायझर शिए चाळिशीची, गालावर तीळ, कॉम्प्युटरवर ट्रॉल्यांचे आकडे भरत होती.

"बसा ना, मावशी. पाय दुखतायत का?"

"माझं चुकलं," मान-मेई म्हणाली. हे शब्द तोंडाला इतके नवे होते की ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे बाहेर पडले. "मनिलाच्या दोघांनाही मासाच गेला. ही कोंबडी राहिली."

शिएनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग ती चक्क हसली. "एवढंच? मला वाटलं राजीनामा द्यायला आलात. अहो, त्यातला एकजण प्रवाशांच्यातलं काहीतरी घेईल. हवाई सुंदऱ्या बघून घेतात. मी निरोप देते, पण त्यांनी एव्हाना बदललंसुद्धा असेल."

"बदलतात?"

"महिन्यातून एखादं होतंच की. तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा तर…" शिए थांबली. जीभ चावली.

"तेव्हा तर काय?"

"काही नाही, मावशी. आम्ही तुम्हाला सांगत नाही. कोण तोंडी लागणार तुमच्या?" ती पुन्हा हसली, पण आता जरा जपून. "विमानं काही पडली नाहीत. तुम्ही चहा घ्या."

मान-मेई बाहेर आली. कुणी कानफटात मारली असती तर तिनं उलटून मारली असती, पण ही हसली होती, आणि हसण्यावर उलटून काय मारायचं? सव्वीस वर्षं तिला वाटत होतं की आकाश तिच्या दोन स्टिकरांवर टेकलेलं आहे. तिच्या माघारी लोक चुकत होते, निस्तरत होते, तिच्यापासून लपवत होते, जसं घरातल्या थेरड्या माणसापासून फुटलेली बरणी लपवतात. आणि आकाश जागच्या जागी होतं. मग घरात काय काय लपवलं गेलं असेल? पोरगी कारखान्याच्या गाडीतळावर उभी राहून उतरणाऱ्या विमानांचे दिवे मोजायची, हे तिला मागच्या वर्षी कळलं, तेही शेजारणीकडून. गेल्या वर्षी दहा दिवस फिरायला म्हणून गेली आणि तिकडे एकदा विमान हातात धरून आली, हे तिला फोटो सापडल्यावर कळलं. फोटोतली आ-यिन तिनं आधी ओळखली नव्हती. त्या बाईचे दात दिसत होते.

वैमानिकांना एका भांड्यातलं द्यायचं नाही. आणि घरी? घरी तिनं सोळा वर्षं पोरीला आपल्याच भांड्यातलं वाढलं, आपल्या मनातलं भय, आपला हट्ट, आपलं ‘नाही आलं’. बिघडलेलं होतं ते दोघींनी खाल्लं. विमान खाली आणायला शाबूत असं घरात कुणी राहिलंच नाही.

साडेतीनला तिनं लॉकर उघडून फोन काढला. आ-यिनचे चार फोन येऊन गेले होते. लावताच उचलला.

"आई? दीड तास राहिला."

"जेवलीस?"

"आई."

"फ्रिजमध्ये भाताच्या शेवया आहेत. वर तळलेला कांदा घाल."

"आई, बोल ना. निळी की पिवळी? तू म्हणशील ती. शपथ, मी पुन्हा कधी तुला बोल लावणार नाही."

मान-मेईनं लॉकरच्या पत्र्याला कपाळ टेकवलं. पत्रा गार होता. पलीकडे बायका हात धूत होत्या, कुणीतरी गाणं गुणगुणत होती.

"ते पत्र आलं होतं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तू अठराची होतीस तेव्हाचं. दक्षिणेतलं. मी नाही आलं म्हटलं, ते आलं होतं. तुझ्या बाबांच्या शंभराव्या दिवशी मी ते जाळलं."

आ-यिनचा आवाज आला, इतका सपाट की तो कारखान्यातून येतोय असं वाटावं. "काय लिहिलं होतं त्यात?"

"मला कुठं वाचता येतं? तुझं नाव होतं. आणि विद्यापीठ. आणि लाल शिक्का."

"बाकीचं?"

"बाकीचं नाही कळलं."

"म्हणजे घेतलं की नाही घेतलं, ते तुला माहीतच नाही."

"शिक्का होता ना! लाल शिक्का."

"नाही म्हणायलाही लाल शिक्काच मारतात, आई."

हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. सोळा वर्षांत एकदाही नाही. पोरगी नापास झालेली असू शकते, हे त्या ताठ मानेच्या बाईला सुचलंच नव्हतं. आपण काय जाळलं होतं? पोरीचं नशीब, की नुसता एक नकार? आणि ते सांगू शकणारा एकच माणूस होता, ज्याला ते पोचतं केलं होतं.

"कशात जाळलंस?" आ-यिननं विचारलं.

"त्याच डब्यात. गच्चीवरच्या."

"तो गंजलेला, तोच?"

"तोच. आ-यिन, ऐक. मला शिव्या दे. मी येते, बस सोडून टॅक्सीनं येते, आपण दोघी बसू…"

"नको," पोरगी म्हणाली. रागानं नाही. एखाद्या दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर म्हणतात तसं. "आता तू काही सांगू नकोस." आणि फोन बंद झाला.

शिफ्ट सुटायला तासभर होता. त्या तासाभरात तिनं तीन विमानांची ताटं लावली. प्रत्येक स्टिकर तिनं तीनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहतानाही तिला तो खरा वाटेना. पाच वाजले तेव्हा ती बसमध्ये होती. घड्याळाचा काटा पाचावर गेला आणि पुढे सरकला, बाहेर फुटपाथवर दुकानदारांनी भुतांसाठी मांडलेली टेबलं, बिस्किटांचे पुडे, केळी, पाण्याच्या बाटल्या, उदबत्त्यांचा धूर, आणि डब्याडब्यांतून कागद जळत होते. सगळं गावच मेलेल्यांना काही ना काही कळवत होतं. तिनं चारदा फोन लावला. चारही वेळा तो वाजून वाजून थांबला.

दारात आ-यिनचे बूट नव्हते. जेवणाचं टेबल पुसलेलं होतं. निळी फाइल नव्हती, पिवळं पाकीट नव्हतं. शेवयांचा डबा धुऊन पालथा घातलेला. नवऱ्याच्या फोटोपुढे तीन उदबत्त्या, अर्ध्याच्या खाली आलेल्या. मान-मेईनं पिशवी खाली टाकली आणि ती चार जिने चढून गच्चीवर गेली, गुडघे कुरकुरत असताना, कठड्याला हात न लावता. लोखंडी डबा भिंतीजवळ होता, तसाच गंजलेला. तिनं आत हात घातला. राख कोमट होती.

चिमटा नव्हता. बोटांनीच तिनं राख बाजूला केली. सोनेरी कागदाचे काळे पापुद्रे, त्यांच्याखाली जाड पिवळ्या कागदाची जळकी घडी, आणि त्या घडीच्या आत एक कोपरा, दोन बोटांएवढा, शाबूत. पांढऱ्यावर ठळक छापलेली दोन अक्षरं. ‘मोठं’, ‘शिकणं’. तेवढीच तिला वाचता येत होती, आणि तेवढीच राहिली होती.

म्हणजे निळी. म्हणजे पोरगी गेली. निदान एवढं या वेळी स्पष्ट वाचता आलं. ती डब्याशेजारी सिमेंटवर बसली. कोपरा तळहातावर होता, वजन नसलेला. ठेवावा, असं वाटलं. ब्लाउजमध्ये, छातीशी, उद्या तिला दाखवायला, अजून आहे बघ, अजून वेळ आहे, विनवू त्यांना. तोंडावर येऊन थांबलेल्या त्या शब्दांची तिला चव लागली, जुनी, ओळखीची, त्याच बिघडलेल्या भांड्यातली. अर्धवट जळलेलं पोचत नाही. पोरीला घाई झाली असेल, किंवा चिमटा सापडला नसेल, किंवा तिनं मुद्दामच एवढं आईसाठी ठेवलं असेल. ते कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची सोय आता राहिली नव्हती.

कठड्यावरच्या कोनाड्यात काड्यापेटी होती. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरी तिनं हातातल्या कड्याच्या आडोशाला धरली. जेडवर अजून निळी चिकटपट्टी होती, काढायची राहून गेलेली. कोपऱ्याला कडेनं लाल रेघ लागली आणि ती अक्षरांकडे सरकली. चिमट्यात धरावा तसा तिनं तो दोन बोटांत धरून ठेवला, पोळेपर्यंत, पोळल्यावरही.

"अहो," ती म्हणाली, "हे तिनंच पाठवलंय, पुरतं पोचतं करते. पण आधी त्या पहिल्या पत्राचं सांगा. काय लिहिलं होतं हो त्यात?"